सोनोग्राफी: जन्माआधी आणि जन्मानंतर

'इथे गर्भलिंगनिदान केलं जात नाही.' रत्नागिरीत सोनोग्राफी सेंटरच्या दारावर ही पाटी मी शाळेत असल्यापासून वाचतोय. तेच मशीन जन्मलेल्या बाळाच्या छातीवरही ठेवतात, हे मात्र मला बऱ्याच उशिरा कळलं.

फुप्फुस हा सोनोग्राफीचा प्रांतच नव्हता. ध्वनी शरीरात सेकंदाला १५४० मीटर वेगाने जातो असं मशीन धरून चालतं. वाटेत हवा आली की तो जवळजवळ सगळा परत फिरतो आणि पडद्यावर अस्तित्वात नसलेल्या रेषा उमटतात. १९९०च्या दशकात डॅनियल लिख्टेनस्टाइन या फ्रेंच डॉक्टरांनी याच खोट्या रेषांचा नेटाने अभ्यास केला. फुप्फुसात नीट हवा असेल तर रेषा आडव्या, पाणी असेल तर उभ्या. आम्ही इंजिनिअरांनी 'बग' म्हणून जे काढून टाकलं असतं, तेच त्यांनी वाचायला घेतलं.

पुढे २००७-०८ मध्ये कोपेत्ती आणि कात्तारोसी या इटालियन डॉक्टरांनी नवजात बाळांच्या फुप्फुसांतल्या अशा खुणा मांडल्या. सिझेरियनने आलेल्या बाळाच्या फुप्फुसात कधीकधी पाणी राहतं; ते बहुधा दोन-तीन दिवसांत आपोआप ओसरतं. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाकडे सर्फॅक्टंट कमी असतं, फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या मिटतात, आणि ते औषध वेळेत श्वासनलिकेतून द्यावं लागतं. वरून पाहिलं तर दोघांनाही धाप, दोघांच्याही नाकपुड्या फुललेल्या. एक्स-रे काढता येतो, पण तो दर काही तासांनी काढत बसता येत नाही. सोनोग्राफी काढता येते, तीही बाळाला जागचं न हलवता. बाळाला इथेच ठेवायचं की ॲम्ब्युलन्समधून आंबा घाट चढवून कोल्हापूरला न्यायचं, हे ठरवताना या रेषांना किंमत आहे.

पण हे मशीन आपल्याकडे स्टेथोस्कोपसारखं गळ्यात घालून फिरता येत नाही, आणि त्याला कारण आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. केंद्राचा आला १९९४ मध्ये. तरी राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे २००१ साली ९१३ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. घाटापलीकडे कोल्हापुरात जिल्हाधिकारी (आणि कथाकार) लक्ष्मीकांत देशमुख यांनी मशीनलाच 'सायलेंट ऑब्झर्व्हर' जोडायला लावला. प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारा डबा. रेडिओलॉजिस्ट कोर्टात गेले. २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने डबा कायम ठेवला. २०१२च्या नियमानुसार पोर्टेबल मशीन नोंदणी झालेल्या जागेतच, तिथे दाखल असलेल्या पेशंटसाठी वापरायचं. नाहीतर फिरत्या वैद्यकीय पथकात.

हे नियम सैल करा असं मी म्हणणार नाही. ८९४ हा आकडा पाहून कुणी म्हणू नये. पण नवजाताच्या फुप्फुसाला लागतो तो उथळ बघणारा लिनिअर प्रोब. पोटातला गर्भ बघायला सहसा खोल जाणारा, वक्र प्रोब वापरतात. दुसरा प्रोब जोडताच येणार नाही असं मशीन बनवणं आमच्या धंद्यात फार अवघड काम नाही. ते फक्त नवजात कक्षासाठी वेगळं नोंदवता येईल का, हे आधी कायद्याला ठरवावं लागेल.