सामान्यरूप

मराठीत विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी नामाच्या अंगात होणारा विकार. त्याचे मूळ मुख्यतः प्राकृतातील षष्ठीच्या रूपांत मानतात. मो. के. दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या ग्रंथात त्याचे विवेचन आहे.

अकारान्त पुल्लिंगी नामाला ‘आ’ (देव–देवाला), आकारान्ताला ‘या’ (घोडा–घोड्याला) आणि अकारान्त स्त्रीलिंगी नामाला ‘ई’ किंवा ‘ए’ (भिंत–भिंतीला, वीट–विटेला) येतो. सोबत मुळातील ध्वनीही बदलतात : उपान्त्य दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो (फूल–फुलात) वा लोपतो (कापूस–कापसात), ‘स’चा ‘श’ होतो (मासा–माशाला), तर ‘मोजा’तील दंततालव्य ‘ज’ ‘मोज्यात’मध्ये तालव्य होतो. अनेकवचन केवळ अनुस्वाराने कळते (घोड्याचा–घोड्यांचा). नाशिक जिल्ह्यातील देवळा या गावाचे ‘देवळ्यात’ आणि देऊळ या नामाचे ‘देवळात’ ही रूपे एका ‘य’काराने वेगळी राहतात. ग्रामनामांत मात्र नियम सैल आहे : ‘नाशकात’, पण ‘नाशिकला’.

प्रत्ययापूर्वी अंग बदलणे इतर भाषाकुलांतही आढळते; ग्रीनलँडिकमध्ये ‘नूक’ या नगरनामाचे ‘नूकमध्ये’ या अर्थी ‘नूम्मी’ होते. (पहा : प्रत्यय, मराठी भाषा, विभक्ति).