खरोलिकेपासून शेडरपर्यंत : सुट्या चित्रपरिणामांचा इतिहास

मंडळी, व्याख्यानाचा विषय वाचून काहींनी आम्हाला विचारलं, तत्त्वज्ञानाच्या माणसाचं व्हिडिओच्या इफेक्टशी काय काम? सांगतो. आपल्या झाडीपट्टीच्या नाटकातला जंगलाचा रंगवलेला पडदा घ्या. तोच पडदा आज वनवासाला चालतो, उद्या दरोडेखोरांच्या अड्ड्याला. पडद्याला नाटक माहीत नसतं, म्हणून तर तो पुन्हा लावता येतो. पण पडदा ही वस्तू झाली. चित्र पाण्यासारखं हलणं, धुक्यात विरणं, ही चित्रावर होणारी क्रिया. ती चित्रापासून सुटी करून दुसऱ्याच्या हाती देता येते का? न्याय-वैशेषिकातला सामान्य आणि विशेष यांचा वाद आम्ही वर्षानुवर्षं शिकवला. इथे तो निराळ्या वेशात भेटतो.

सुरुवात कल्याणला करू. 1892 साली महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांच्या मुलांनी ‘शांबरिक खरोलिके’चे खेळ सुरू केले. शांबरिक म्हणजे मायावी, शंबरासुराची विद्या. खरोलिका म्हणजे दिवा. मॅजिक लँटर्नला यापेक्षा चांगलं नाव कुठल्या भाषेत असेल असं वाटत नाही. काचेवर हातांनी रंगवलेल्या आकृत्या, मागे दिवा, सोबत निवेदन आणि गाणं. रामायणातले प्रसंग होते, सर्कससुद्धा होती. अशा काचांवर आकृतीभोवतीची जागा काळी करत, म्हणजे प्रकाश फक्त आकृतीतून जाई आणि एका चित्रावर दुसरं चित्र बसवता येई. एक दिवा मंद करत दुसरा तेजाळला की चित्र चित्रात विरघळे. पण हे विरघळणं राहत कुठे होतं? दिवा फिरवणाऱ्याच्या हातात. काच दुसऱ्याला देता येई, हात कसा देणार?

पुढे फाळक्यांनी तो परिणाम फिल्मवर उतरवला. 1919 च्या ‘कालिया मर्दन’मध्ये सुरुवातीला त्यांची कन्या मंदाकिनी दिसते आणि बघता बघता तिचा कृष्ण होतो. आता हाताची गरज उरली नाही. फिल्म कुठेही लावा, किमया तीच. मात्र ती त्या चित्राशी कायमची चिकटली. मंदाकिनीचं रूपांतर उचलून दुसऱ्या मुलीवर ठेवता येत नाही.

क्रिया खरोखर सुटी झालेली आम्हाला दिसते ती शिकागोत. डॅन सँडिन या मूळच्या भौतिकशास्त्राच्या माणसाने 1971 ते 1973 मध्ये ‘इमेज प्रोसेसर’ बांधला. लहान लहान पेट्या, प्रत्येकीचं काम एकच, आणि जोडणीसाठी तारा. सगळ्या पेट्यांचा सिग्नल एकाच मापाचा, त्यामुळे कुठलीही पेटी कुठल्याही पेटीला जोडता येई. पेटीतून येणारं चित्र झाडाचं की माणसाचं, पुढच्या पेटीला त्याचं सोयरसुतक नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सँडिनने फिल मॉर्टनसोबत बांधणीचे सगळे आराखडे लिहून काढले आणि ज्याला हवे त्याला नक्कल करू दिली. पुन्हा वापरता येणं हा नुसता तंत्राचा गुण नाही, मालक काय बंद ठेवतो आणि काय उघडं ठेवतो त्याचाही प्रश्न आहे.

संगणकातही तेच घडलं. बर्ट सदरलँडने 1966 मध्ये एमआयटीत ठोकळे आणि रेषा काढून प्रोग्रॅम लिहिण्याची पद्धत मांडली. 1984 मध्ये रॉबर्ट कुकने पृष्ठभागाचं दिसणं लहान क्रियांच्या झाडासारखं रचून दाखवलं. त्यातूनच आजचा शेडर वाढला. शेडर म्हणजे चित्राच्या प्रत्येक बिंदूवर चालणारा छोटा नियम. 1920 गुणिले 1080 च्या चित्रात 20,73,600 बिंदू. सेकंदाला 60 चित्रं धरली तर तो नियम सेकंदाला बारा कोटींहून जास्त वेळा चालतो. गंमत अशी की प्रत्येक बिंदूला फक्त स्वतःचं ठिकाण कळतं, शेजाऱ्याचा निकाल काय लागला ते कळत नाही.

असा नियम दुसऱ्याच्या ठोकळ्यांत बसवायचा असेल तर काय करायचं? ‘दहा बिंदू सरक’ असं लिहिलं तर मोठ्या पडद्यावर लाट दिसतच नाही. म्हणून रुंदी शून्य ते एक अशी मानायची. पण नुसतं तेवढ्याने वर्तुळाचं अंडं होतं, लांबी-रुंदीचं गुणोत्तरही मागावं लागतं. गती चित्रांच्या संख्येवर बांधायची नाही, घड्याळावर बांधायची. नाहीतर 25 चित्रांच्या व्हिडिओत लाट रेंगाळते आणि 60 च्या व्हिडिओत धावत सुटते. आणि वेग, उंची, मध्य या तीन-चार गोष्टी वापरणाऱ्याच्या हाती द्यायच्या. वीस देऊ नयेत, माणूस भांबावतो.

एवढं सगळं करूनही घात होतो, बरं का. 2005 मध्ये ॲपलने क्वार्ट्झ कंपोझर आणला. ठोकळे आणि तारांचं ते सुंदर साधन. कितीतरी कलाकारांनी त्यात इफेक्ट रचले. पुढे कंपनीने 2018 मध्ये ओपनजीएल आणि 2019 मध्ये क्वार्ट्झ कंपोझर कालबाह्य ठरवला. रचना शाबूत, पण पायाखालची जमीनच काढून घेतलेली. तारांनी बांधलेलं काम तारांसकट अडकलं. जे शेडर साध्या मजकुरात, आपल्या मापांच्या वर्णनासह लिहिलेले होते, ते इतरत्र हलवायला सोपे गेले. आयएसएफ या स्वरूपात असं वर्णन फाइलच्या डोक्यावरच असतं.

म्हणून आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही सांगतो, ठोकळा जोडण्याआधी नियम मराठीत म्हणून दाखवा. लाटेचा नियम असा : या ठिकाणाचं मध्यापासूनचं अंतर घ्या, त्याला दाटीने गुणा, त्यातून वेळ गुणिले वेग वजा करा, आलेल्याची ज्या काढा, म्हणजे ज्याला तुम्ही साइन म्हणता ती, मूळ शब्द आपलाच, अरबीतून लॅटिनमध्ये गेला. तिला उंचीने गुणा. तितकं मध्यापासून सरका आणि तिथल्या मूळ चित्राचा रंग इथे आणून ठेवा.