सिंह पोथीतला, वाघ रानातला

बोरघाटाच्या पायथ्याशी पसरलेल्या कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत मनुष्यस्वभावाला प्राण्याची उपमा देण्याची रीत लोकांच्या इतकी अंगवळणी पडलेली आहे, की तिलाही काही इतिहास असेल हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. तो इतिहास मात्र आहे, आणि त्यातला एक ठसठशीत प्रसंग खालापूर तालुक्यातील चावणी गावाजवळच्या उंबरखिंडीत घडलेला आहे.

फेब्रुवारी १६६१ मध्ये शायिस्ताखानाच्या हुकमाने कोकण काबीज करण्यास निघालेला कारतलबखान घाट उतरून या खिंडीच्या निबिड अरण्यात शिरला, तेव्हा त्याच्या फौजेत माहूरच्या देशमुख घराण्यातील सावित्रीबाई ही पराक्रमी सरदारीण होती. आणि तिच्या शौर्याबद्दल मोगल दरबाराने तिला बहाल केलेला किताब 'रायबागन', म्हणजे राजवाघीण, असा होता. प्राण्याची उपमा ही कवींच्या हौसेपुरती राहिली नव्हती, दरबारी मानमरातबातही तिला जागा मिळाली होती, याला याहून चांगला दाखला नको. मराठ्यांनी दोन्ही बाजूंनी वाट रोखली आणि पाण्यावाचून सैन्य कासावीस झाले, तेव्हा शिवाजी महाराजांना शरण जाण्याची मसलत खानाला याच रायबागनने दिली, आणि द्रव्य व सामानसुमान खिंडीतच टाकून ती फौज जीव वाचवून परतली. झेप घेण्याआधी जागा पारखणे आणि डाव फसला की निमूटपणे मागे सरणे, हाही वाघाचाच स्वभाव होय, हे ज्याला ठाऊक आहे त्याला तिचा किताब त्या पराभवाच्या दिवशीही सार्थ वाटेल.

या प्रसंगाचे वर्णन करणाऱ्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यात कवींद्र परमानंदाने रायबागनच्याच तोंडी शिवाजी महाराजांना सिंहाची उपमा घातली आहे. उलट शत्रुपक्ष त्याच पुरुषाला डोंगरातला उंदीर म्हणून हिणवीत असे, ही सांगी सर्वश्रुत आहे. विचार करण्याजोगी गोष्ट ही, की कोकणच्या या अरण्यात सिंह नव्हता. तो आला संस्कृत वाङ्मयातून. पंचतंत्राने सिंहाला राजपद आणि कोल्ह्याला मुत्सद्देगिरी वाटून दिली, आणि चाणक्याच्या नावावर चालत आलेल्या नीतिवचनांनी तर सिंहाकडून एक, बगळ्याकडून एक, गाढवाकडून तीन, कोंबड्याकडून चार, कावळ्याकडून पाच आणि कुत्र्याकडून सहा गुण शिकावेत, असा हिशेबच मांडून ठेवला. ग्रंथांतून आलेली ही उपमा भारदस्त आहे, परंतु ती देणाऱ्याने तो प्राणी पाहिलेला असतोच असे नाही.

रानात राहणाऱ्यांची उपमा निराळ्या मातीतून उगवली. ज्याच्या गोठ्यातली गाय रात्री वाघाने उचलली, त्या ठाकराने किंवा कातकऱ्याने वाघाला शत्रू न मानता देव मानले, त्याला वाघोबा म्हणून शेंदूर लावला, आणि आश्विन वद्य द्वादशीला, इतरत्र वसुबारस होते त्याच दिवशी, सह्याद्रीतल्या आदिवासी वस्त्यांनी वाघबारस पाळली. काही वस्त्यांत त्या दिवशी गुराखी पोरांपैकी कोणी वाघ होतो, कोणी अस्वल, कोणी कोल्हा. बाकीचे त्यांना पिटाळून लावतात. कोणत्या पोराने काय व्हावे हे ठरविताना खेळगड्यांनी एकमेकांचे स्वभाव आधीच जोखलेले असतात. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात, म्हणजे कर्जत अद्याप त्या जिल्ह्यात मोडत होते तेव्हा, रामाच्या वानरसेनेशी आपला वंश जोडणारी कातकऱ्यांची परंपरा नोंदलेली आहे. गावात ज्या वानराच्या नावाने चाळे करणाऱ्या मुलाला दटावतात, तेच वानर या लोकांच्या कुलकथेत पूर्वज म्हणून मान पावलेले आहे.

भातशेतीनेही या भांडारात भर घातली. चिखलणीच्या वेळी जू मानेवर येताच खाली बसणारा बैल आणि मालकाने हाक न मारताही तास धरून चालणारा बैल, हे दोन्ही ज्याने हाताळले, तो माणसाला बैल म्हणतो तेव्हा त्यातला कोणता हे ऐकणाऱ्याला नेमके कळते. पहिल्या पावसात ओढ्याकाठी धरलेल्या चिंबोऱ्यांची टोपली ज्याने जवळून पाहिली, काठापर्यंत चढलेलीला खालच्या नांगीत धरून पुन्हा तळाशी कशा ओढतात हे न्याहाळले, त्याला भाऊबंदकीचे वर्णन करण्यास दुसरा शब्द लागत नाही.

मात्र या रीतीची एक मर्यादा पाळली गेली नाही, हे खेदाने सांगितले पाहिजे. एका माणसाच्या आचरणाला दिलेली उपमा पारखता येते, तो बदलला तर ती मागे घेता येते. तीच एखाद्या अखंड जमातीवर लादली, म्हणजे तिचा न्याय नाहीसा होऊन केवळ तिरस्कार उरतो. शेतातले उंदीर धरून पोट भरणाऱ्या कातकऱ्याला त्याच्या अन्नावरून हिणवणाऱ्यांनी त्याची उपासमार पाहिली नाही आणि रानाविषयीचे त्याचे ज्ञानही पाहिले नाही. अशा बोलण्याला उपमा म्हणू नये, तो अन्याय आहे.

आज या डोंगरांतून वाघ गेला, नांगराचे बैल विरळ झाले, आणि मुलांच्या तोंडी राहिलेल्या उपमांमागे प्राण्याचा परिचय उरला नाही. कर्जत-खालापूरच्या शाळांतील शिक्षकांना माझी विनंती आहे, की त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांकरवी वाड्यांतील वृद्ध ठाकर, कातकरी आणि शेतकरी स्त्रीपुरुषांच्या तोंडची ही बोलणी, प्रत्येक बोलण्यामागचा प्राण्याचा अनुभव विचारून, सांगणाऱ्याच्याच शब्दांत लिहून घ्यावीत. हे दफ्तर अद्याप माणसांच्या स्मरणात आहे, आणि ती माणसे वृद्ध झाली आहेत.