सांभाळणाऱ्याचा हक्क

अपंग माणसासाठी कायदे बरेच आधी झाले. त्याला सांभाळणाऱ्या घरच्या माणसाकडे कायद्याचे लक्ष वळायला फार उशीर लागला. याचा माग काढत आपण गेलो, तर १९५४ सालच्या इंग्लंडमध्ये पोहोचतो. मेरी वेबस्टर ही धर्मोपदेशिका त्या वर्षी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, आईवडिलांची शुश्रूषा करण्यासाठी काम सोडून घरी परतली. महायुद्धानंतर ब्रिटनने उभारलेल्या विमायोजनेत आजारपण, बेकारी, वैधव्य, म्हातारपण या सगळ्यांची सोय होती. पण दुसऱ्याच्या आजारपणामुळे आपली मिळकत बुडते, ही आपत्ती तिच्या हिशेबात नव्हती. लग्न न झालेल्या लेकीने नोकरी सोडली की पगार थांबे, विम्याचे हप्ते थांबत, आणि आईवडील गेल्यावर तिच्या स्वतःच्या म्हातारपणाला पेन्शनही तोकडे पडे. १९६३ साली वेबस्टरबाईंनी वर्तमानपत्रांना पत्र लिहिले आणि अशाच बायकांची पत्रे त्यांच्याकडे येऊ लागली. त्यातून १९६५ मध्ये अविवाहित स्त्रिया व त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांसाठी राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. १९६९ मध्ये वेबस्टरबाई वारल्या. ज्या भत्त्याची वाट त्यांनी पाडली, तो सुरू व्हायला १९७६ साल उजाडले.

हा भत्ता आठवड्याला किमान पस्तीस तास सांभाळ करणाऱ्यासाठी होता. पुरुषाला तो मिळे, अविवाहित स्त्रीला मिळे. नवऱ्याबरोबर राहणाऱ्या विवाहितेला मात्र मिळत नसे. कारण काय, तर ती एरवीही घरीच असणार! शुश्रूषेचे सर्वाधिक ओझे जिच्यावर पडण्याचा संभव, तिलाच वगळणारा हा नियम दहा वर्षे टिकला, हे आज वाचतानाही खटकते. तो मोडला जॅकलीन ड्रेक यांच्या खटल्याने. १९८४ मध्ये त्यांची अपंग आई त्यांच्या घरी राहायला आली आणि त्यांनी नोकरी सोडली. भत्ता नाकारला गेला, तेव्हा प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयापर्यंत गेले. २४ जून १९८६ रोजी निकाल त्यांच्या बाजूने लागला. आदल्याच दिवशी सरकारने विवाहितांनाही भत्ता देण्याचे जाहीर केले होते.

भत्ता होता तो नोकरी सोडणाऱ्यांसाठी. नोकरी टिकवू पाहणाऱ्यांची लढाई पुढच्या शतकात झाली. लंडनमधील एका वकिली कार्यालयात सचिव असलेल्या शॅरन कोलमन यांचा मुलगा २००२ मध्ये जन्मला. त्याचा श्वास मध्येच थांबे, जन्मतःच स्वरयंत्र कमकुवत होते. इतर पालकांना वेळेची मुभा मिळते, आपण रजा मागितली की आळशी म्हणवून घ्यावे लागते, अशी त्यांची तक्रार होती. स्वतः अपंग नसलेल्या व्यक्तीला अपंगांसाठीच्या संरक्षणाचा आधार घेता येईल का, असा पेच होता. १७ जुलै २००८ रोजी त्याच युरोपीय न्यायालयाने सांगितले की मुलाच्या अपंगत्वापायी आईला कामावर छळणे हाही भेदभावच. २०१० च्या समानता कायद्यात हे तत्त्व मुरले.

यानंतर आपण २०२४ च्या एप्रिलपाशी येतो. ६ एप्रिलपासून ब्रिटनमध्ये सांभाळ करणाऱ्या कर्मचाऱ्याला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून वर्षाला एक आठवड्याची रजा मागण्याचा हक्क लागू झाला, पण बिनपगारी. त्याच महिन्याच्या २२ तारखेला दिल्लीत सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती पारडीवाला यांच्यापुढे हिमाचल प्रदेशातील एका सरकारी महाविद्यालयातल्या प्राध्यापिकेचे प्रकरण होते. मुलाची हाडे जन्मतःच ठिसूळ, शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया, आणि आईच्या शिल्लक रजा संपलेल्या. केंद्राच्या महिला कर्मचाऱ्यांना २००८ पासून ७३० दिवसांची बालसंगोपन रजा होती. हिमाचलने तो नियम स्वीकारला नव्हता. नोकरीतला स्त्रियांचा सहभाग ही मेहेरबानी नसून संविधानाची अपेक्षा आहे, असे न्यायालयाने बजावले आणि अपंग मुलांच्या मातांना अशी रजा देण्याचा विचार करण्यासाठी राज्याच्या मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायला सांगितले.