नीलाविकार, पायांचे

रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या वाहिन्यांचे पायांत आढळणारे विकार. फुगून वेड्यावाकड्या झालेल्या शिरा (अपस्फीत नीला, व्यवहारात ‘व्हेरिकोज व्हेन्स’), वरवरच्या नीलेचा दाह, खोल नीलेतील रक्ताची गुठळी आणि घोट्याजवळचा नीलाजन्य व्रण हे त्यांचे नेहमीचे प्रकार. मांडीवर दिसणाऱ्या बारीक जांभळ्या रेषा बहुधा निरुपद्रवी असतात.

रचना व कार्य : पायांत नीलांचे दोन संच असतात. त्वचेखालच्या संचात घोट्याच्या आतल्या बाजूने जांघेपर्यंत जाणारी मोठी सॅफिनस नीला (शरीरातील सर्वांत लांब नीला) आणि पोटरीमागून गुडघ्याच्या लवणीपर्यंत जाणारी लहान सॅफिनस नीला येतात. दुसरा संच स्नायूंच्या आत खोल असतो. स्नायूंवरचे आवरण भेदून जाणाऱ्या आखूड नीला या दोन संचांना जोडतात. माणूस स्तब्ध उभा असताना घोट्याजवळच्या नीलेतील दाब पाऱ्याच्या सु. ९० मिमी. इतका असतो. चालू लागताच पोटरीचे स्नायू आवळतात, खोल नीला पिळल्या जातात आणि हा दाब सु. ३० मिमी.पर्यंत किंवा त्याखाली उतरतो. वर गेलेले रक्त खाली परतू नये यासाठी नीलांत एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. झडप निकामी झाली की चालतानाही दाब पुरेसा उतरत नाही. पुढचे बहुतेक सर्व दुष्परिणाम यातून उद्‌भवतात.

कारणे : वाढते वय, आई-वडिलांपैकी कोणाला हा विकार असणे, गरोदरपण, लठ्ठपणा आणि खोल नीलेत पूर्वी झालेली गुठळी. वाहतूक पोलीस, बसवाहक, नाभिक, आचारी, शिक्षक अशा तासन्‌तास उभे राहणाऱ्यांत त्रास जास्त दिसतो. मात्र व्यवसायामुळे विकार जडतो की असलेला बळावतो, याबाबत एकमत नाही.

लक्षणे : संध्याकाळी पाय जड होणे, घोट्यावर मोज्याच्या काठाची खूण उमटण्याइतकी सूज, रात्री पोटरीत गोळे, खाज. सकाळी उठल्यावर सूज ओसरलेली असते. दाब वर्षानुवर्षे चढलेला राहिला तर रक्तपेशी ऊतकांत झिरपतात, त्यांतील लोहामुळे त्वचा तपकिरी-काळपट पडते, इसब होते, त्वचा व तिच्याखालची चरबी कठीण बनते आणि शेवटी घोट्याच्या वर, बहुधा आतल्या बाजूस, उथळ पण पसरट जखम होते. शिरांचा आकार आणि त्रास यांचे प्रमाण जुळतेच असे नाही : दोरखंडासारख्या शिरा असून काहीच तक्रार नसलेले रुग्ण असतात, तसेच शीर दिसत नसताना व्रण झालेलेही.

निदान : रुग्णाला उभे करूनच पाय तपासावा, झोपवल्यावर शिरा रिकाम्या होतात आणि विकार लपतो. फ्रीड्रिख ट्रेंडेलेनबुर्ग या जर्मन शल्यविशारदाच्या नावाने ओळखली जाणारी चाचणी कोणत्याही उपकरणाशिवाय करता येते. रुग्णाला उताणे झोपवून पाय वर उचलतात, हाताने शिरा जांघेच्या दिशेने रिकाम्या करतात, मांडीच्या वरच्या भागावर रबरी पट्टा आवळून त्याला उभे करतात आणि पट्टा सोडतात. शिरा वरून खाली झपाट्याने भरल्या तर जांघेतील झडप गळते असे समजावे. पट्टा आवळलेला असतानाच त्या भराभर भरल्या तर गळती खालच्या जोडनीलांत आहे. आता ही चाचणी मुख्यतः परीक्षेपुरती उरली असून तिची जागा रंगीत डॉपलर सोनोग्राफीने घेतली आहे. वरवरच्या नीलेत ०·५ सेकंदापेक्षा जास्त वेळ उलटा प्रवाह दिसल्यास झडप निकामी मानतात. रोगाची पायरी ठरवण्यासाठी १९९४ पासून ‘सीप’ वर्गीकरण वापरतात. त्यात ० ते ६ टप्पे असून ५ म्हणजे भरून आलेला आणि ६ म्हणजे उघडा व्रण.

उपचार : पाय हृदयाच्या पातळीपेक्षा वर ठेवणे, चालणे, वजन उतरवणे आणि दाबमोजे. घट्ट पट्टी किंवा मोजे देण्यापूर्वी घोटा व दंड यांच्या रक्तदाबांचे गुणोत्तर पाहणे आवश्यक आहे. ते ०·८ पेक्षा कमी असल्यास रोहिणीविकार (धमन्यांचा विकार) संभवतो आणि आवळपट्टीने पाय धोक्यात येऊ शकतो. मधुमेहात रोहिण्या कडक झाल्याने हे गुणोत्तर फसवे ठरू शकते. पोटात घेण्याच्या औषधांनी जडपणा व सूज काही अंशी कमी होते. झडप दुरुस्त होत नाही.

ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९१ मध्ये मांडीतील सॅफिनस नीला बांधण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. १९०७ मध्ये बॅबकॉक या अमेरिकन शल्यविशारदाने नीलेत तार घालून ती संपूर्ण ओढून काढण्याची पद्धत आणली व ती शतकभर टिकली. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून नीला न काढता रेडिओलहरींच्या किंवा लेसरच्या उष्णतेने आतून बंद करतात. सोनोग्राफीत पाहत नीलेभोवती भुलीचे पातळ द्रावण भरतात आणि रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जातो. पॉलिडोकॅनॉलसारख्या औषधाचा फेस टोचणे आणि वैद्यकीय गोंदाने नीला चिकटवणे हे अन्य पर्याय.

नीलाजन्य व्रण : झिंक ऑक्साइड लावलेली पट्टी जर्मन त्वचारोगतज्ञ पाउल उन्ना यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केली, थरांनी बांधलेली आवळपट्टी आजही मुख्य उपचार आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत पट्टीला शस्त्रक्रियेची जोड दिल्याने व्रण लवकर भरला नाही, पण वर्षभरात तो उलटण्याचे प्रमाण २८ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. २०१८ च्या चाचणीत ४५० रुग्ण होते. नीला लवकर बंद केलेल्या गटात व्रण भरण्याचा मध्यक काळ ५६ दिवस, तर ती उशिरा बंद केलेल्या गटात ८२ दिवस होता. बराच काळ न भरलेल्या व्रणात क्वचित कर्करोग होतो. कडा उंचावल्यास तुकडा काढून तपासावा.

खोल नीलेतील गुठळी : एकाच पायाला अचानक सूज व दुखणे. मोठी शस्त्रक्रिया, दीर्घ अंथरूण, कर्करोग, बाळंतपण व संततिप्रतिबंधक गोळ्या यांत धोका वाढतो. डाव्या श्रोणी-नीलेवर उजवी रोहिणी आडवी जात असल्याने डावा पाय अधिक वेळा सापडतो. सोनोग्राफीच्या दांडीने दाबूनही नीला मिटत नसेल तर निदान पक्के होते. गुठळी सुटून फुप्फुसात गेल्यास मृत्यू येऊ शकतो. म्हणून अशा पायाला मालिश करू नये. रक्त गोठू न देणारी औषधे किमान तीन महिने देतात.

वरवरच्या नीलेचा दाह : शीर लाल, कडक व दुखरी होते, सलाइनच्या सुईनंतर हा दाह हातावरही दिसतो.

रक्तस्राव : घोट्याजवळची पातळ झालेली शीर फुटल्यास रुग्णाला ताबडतोब आडवे करून पाय उंच धरावा व जखमेवर दाब द्यावा. खुर्चीवर बसवून ठेवणे किंवा वर दोरी आवळणे घातक ठरते.

इतिहास : रोमन सेनानी गायस मारियस याने हातपाय न बांधता एका पायाच्या शिरा कापून घेतल्या आणि दुसरा पाय पुढे करण्यास नकार दिला, असे प्लुटार्क लिहितो. सुश्रुतसंहितेतील सिराज ग्रंथी हा विकार अपस्फीत नीलेशी जोडण्याचा प्रघात आहे. नीलांतील झडपांचे सचित्र वर्णन पादुआ येथील फाब्रिसियस याने १६०३ मध्ये प्रसिद्ध केले. त्याचा शिष्य विल्यम हार्वी याने १६२८ च्या ग्रंथात बांधलेल्या दंडाखालच्या शिरांवर बोट दाबून त्या झडपांचे खरे कार्य दाखवले.

घोट्यावरील व्रणाकडे त्वचेची जखम म्हणून पाहिल्याने रुग्णाची वर्षे मलमांत जातात. गुडघ्याखालची जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर रुग्णाला नीलाविकारांच्या तज्ञाकडे पाठवावे, असे ब्रिटनमधील २०१३ ची मार्गदर्शक सूचना सांगते.