मेटा डिस्क्रिप्शन : ऑनलाइन दुकानाच्या दर्शनी दोन ओळी

गूगलवर 'पैठणी' शोधली, की प्रत्येक दुव्याच्या शीर्षकाखाली दोन ओळींचा मजकूर दिसतो. त्यासाठी संकेतस्थळाच्या पानात जो सारांश आधी लिहून ठेवतात, त्यास 'मेटा डिस्क्रिप्शन' म्हणतात. त्यामुळे शोधयादीतील क्रमांक वर सरकत नाही, हे गूगलने २००९ मध्येच स्पष्ट केले. मात्र ग्राहक दुव्यावर टिचकी मारणार की पुढे जाणार, हे बऱ्याचदा त्यावरच ठरते.

छत्रपती संभाजीनगर व पैठण येथील विक्रेत्यांना हे विशेष लागू पडते. 'उत्तम पैठणी, वाजवी दर' एवढ्याने हातमागाची साडी यंत्रमागाच्या साडीपासून वेगळी ओळखू येत नाही आणि तिची किंमत अवाजवी वाटते. त्याऐवजी 'हातमागावर विणलेली रेशमी पैठणी. मोरांचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा, मागे सुटे धागे नाहीत' असे लिहिल्यास फरक कळतो. हिमरू शालीच्या वर्णनात सूत व रेशीम या दोहोंचा उल्लेख असावा. शहराचे नाव २०२३ मध्ये बदलले असल्याने बाहेरगावच्या ग्राहकासाठी 'औरंगाबाद'ही नमूद करणे सोयीचे.

मजकूर साधारण १५० अक्षरांत बसवावा. मोबाइलवर तो लवकर तुटतो, म्हणून महत्त्वाचे आधी लिहावे. प्रत्येक वस्तूचे वर्णन स्वतंत्र असावे. ते शोधाशी जुळत नसेल, तर गूगल पानावरील दुसराच मजकूर दाखवू शकते. अर्थात, जे गुण साडीत नाहीत, ते वर्णनातही नसावेत.