भायखळ्याच्या तुरुंगातली मोजणी

2022 च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगावकडे गोवरची साथ आली होती. त्या दिवसांत आमच्या पालकसभेत एका विद्यार्थ्याचे वालिद उभे राहिले आणि म्हणाले, "सर, लस घेतलेल्या मुलांनाही गोवर होतोच आहे. मग टोचून फायदा काय?" मी म्हणालो, "डॉक्टरांचं ऐका." ते गप्प बसले, पण त्यांचं समाधान झालं नव्हतं. माझंही नव्हतं. त्यांचा प्रश्न रास्त होता. लस काम करते हे ठरवतात तरी कसं? या प्रश्नाचं एक जुनं उत्तर आपल्या मुंबईतच सापडतं.

सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गेले. वाल्डेमार हाफकिन हे ओडेसाचे ज्यू शास्त्रज्ञ तेव्हा भारतात कॉलऱ्याच्या लसीचं काम करत होते. सरकारने त्यांना मुंबईला बोलावलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना जेमतेम जागा मिळाली. शेळीच्या मांसाच्या अर्कावर तुपाचे थेंब टाकून त्यात ते प्लेगचे जंतू वाढवत आणि मग उष्णता देऊन मारत. ही झाली त्यांची लस. 10 जानेवारी 1897 रोजी ती त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली.

हाफकिन जगले. त्यावरून एवढंच कळलं की लसीने माणूस मरत नाही. तिने प्लेग अडतो का, हे कळायला माणसांचे दोन गट लागतात, एक टोचलेला आणि एक न टोचलेला. साथ दोघांपर्यंत सारखी पोहोचली पाहिजे.

जानेवारीच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. टोचून घ्यायचं की नाही हे कैद्यांवर सोडलं होतं. सुमारे दीडशे जण पुढे आले, पावणेदोनशेच्या आसपास मागे राहिले. अन्न, पाणी, काम, कोठड्या सगळं तेच. पुढच्या काही दिवसांत न टोचलेल्यांपैकी 12 जण आजारी पडले आणि 6 दगावले. टोचलेल्यांपैकी 2 आजारी पडले आणि दोघेही बरे झाले.

आता हिशेब करू. न टोचलेल्यांत शंभरामागे सुमारे 7 आजारी, टोचलेल्यांत शंभरामागे सव्वा-दीड. म्हणजे जो आजार व्हायचा त्यातला पाचपैकी चार हिस्से टळला. यालाच आज लसीची परिणामकारकता म्हणतात, इथे ती साधारण 80 टक्के. याचा अर्थ "शंभर टोचले तर वीस आजारी पडणार" असा नाही. लस नसती तर जितके आजारी पडले असते, त्यांच्यापैकी ऐंशी टक्के वाचले, असा आहे. 2020 मध्ये फायझरच्या कोविड लसीचे 95 टक्के याच पद्धतीने काढले गेले. 170 आजारी, त्यांतले 162 खोटी सुई घेतलेल्यांतले आणि 8 लस घेतलेल्यांतले. दोन्ही गट जवळपास सारख्याच आकाराचे होते.

पण भायखळ्याच्या हिशेबात फटी होत्या. टोचताना काहींच्या अंगात रोग आधीच शिरलेला होता आणि ते मेले. त्यांना लसीच्या खात्यात धरायचं का? हाफकिननी धरलं नाही. हे पटण्यासारखं आहे, पण मोजणी कोणत्या क्षणापासून सुरू करायची हे आधीच ठरलेलं असावं लागतं. दुसरी फट मोठी. जे स्वतःहून पुढे आले ते मुळातच जास्त धडधाकट असतील तर? शिवाय तुरुंगातल्या माणसाची "मर्जी" किती मोकळी, हाही प्रश्न आहेच.

म्हणून 1898 मध्ये बडोदा संस्थानातल्या उंडेरा गावात वेगळी पद्धत वापरली. प्रत्येक घरातली साधारण निम्मी माणसं टोचली, निम्मी तशीच ठेवली. चूल एक, उंदीर तेच. पुढे ज्या 28 घरांत प्लेग शिरला तिथल्या 71 टोचलेल्यांपैकी 3 मेले आणि 64 न टोचलेल्यांपैकी 26. हे आकडे वाचताना माझा हात थांबतो. त्या 26 जणांना टोचलं असतं तर त्यांतले बरेच वाचले असते, आणि हे आपल्याला कळलं ते त्यांच्या मरणामुळेच. आज चाचणीतल्या माणसाची लेखी संमती घेतात आणि एका गटाला जास्त फायदा होतोय असं दिसलं की चाचणी थांबवता येते. हे नियम यायला फार काळ गेला.

1915 मध्ये ग्रीनवुड आणि यूल या इंग्रज संख्याशास्त्रज्ञांनी अशा मोजणीच्या अटी लिहून काढल्या. दोन्ही गटांची माणसं सारखी हवीत, रोगाशी गाठ पडण्याची शक्यता सारखी हवी, आणि आजार ठरवणाऱ्याचा निर्णय "याला टोचलंय" या माहितीवर अवलंबून नको. आजच्या चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचण्या, जिथे रुग्णाला आणि डॉक्टरलाही कोणती सुई दिली ते माहीत नसतं, याच अटी पाळण्यासाठी असतात.

आपल्या कौमचंही या इतिहासात नाव आहे, आणि ते दोन्ही बाजूंनी. मार्च 1898 मध्ये मदनपुऱ्यातल्या विणकरांच्या वस्तीत प्लेगची झडती घेणारं पथक एका घरातल्या मुलीला तपासायला गेलं आणि दंगल पेटली. तो राग घरात घुसणाऱ्या सरकारवर होता. त्याच काळात तरुण आगाखान, सर सुलतान मोहम्मद शाह, यांनी लोकांसमोर लस टोचून घेतली, हजारो खोजांना टोचवलं आणि हाफकिनना प्रयोगशाळेसाठी आपलं खुश्रू लॉज वापरायला दिलं. परळची आजची हाफकिन संस्था त्याच कामातून उभी राहिली.

आता त्या वालिदांचा प्रश्न. समजा वर्गात 50 मुलं आहेत, 45 टोचलेली, 5 न टोचलेली. टोचलेल्यांपैकी 5 आजारी पडली, न टोचलेल्यांपैकी 4. आजाऱ्यांची यादी पाहिली तर टोचलेलीच जास्त दिसतील. पण टोचलेल्यांत नवांत एक आजारी पडला आणि न टोचलेल्यांत पाचांत चार. फक्त आजारी मुलं मोजली की लस वाईट दिसते. आजारी न पडलेलीही मोजली की ती काय करते ते दिसतं.

पुढच्या पालकसभेत हा वर्ग मी फळ्यावर काढणार आहे. ते वालिद आले तर मोजायला त्यांनाच पुढे बोलावीन.